चाळीस फुटांची विहीर आणि दोनशे मीटरचे घड्याळ

"सर, घड्याळावर दोनशे मीटर लिहिलंय. आमच्या विहिरीत पाणी चाळीस फूट. मग हे घालून बुडी मारायला काय हरकत आहे?"

प्रश्न दहावीतल्या एका विद्यार्थ्याने विचारला होता. घड्याळ त्याच्या थोरल्या भावाचे. हा भाऊ आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांतल्या विहिरींत उतरून पंपांचे फुटव्हॉल्व मोकळे करतो. फुटव्हॉल्वच्या जाळीत शेवाळ, गाळ किंवा एखादे फाटके पोते अडकले की पंप पाणी ओढीनासा होतो. मग विजेचा खटका बंद करून, कमरेला दोर बांधून कोणीतरी खाली जावे लागते. एका दमात होईल तेवढे काम करायचे आणि वर यायचे. दोर धरून काठावर बसलेला सोबती सेकंद मोजत असतो. तसा सेकंदाचा काटा आपल्याही मनगटावर असावा, अशी त्या भावाची फार दिवसांची इच्छा होती.

आमच्या या दोन तालुक्यांतली पुष्कळ माणसे मुंबईत डबेवाल्यांचे काम करतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. या मुलाचे चुलतेही त्यांतलेच. त्यांनी जुन्या बाजारातून एक वापरलेले, पाणबुड्यांचे म्हणून विकले जाणारे घड्याळ साडेसहा हजार रुपयांना घेऊन गावी पाठवले. जाड पोलादी केस, काचेभोवती फिरणारे कडे, डायलवर 'फेव्हर-ल्यूबा', त्याखाली 'ऑटोमॅटिक' आणि पाठीच्या झाकणावर 'दोनशे मीटर'.

आता गणित करू. चाळीस फूट म्हणजे सुमारे १२·२ मीटर. दोनशेला १२·२ ने भागले तर १६ हून थोडे अधिक येतात. म्हणजे घड्याळाला जेवढे पाणी सोसते त्याच्या सोळाव्या हिश्शाएवढेच पाणी विहिरीत आहे. गणितात चूक नाही. तरीही मी त्या मुलाला म्हणालो, "दादाला सांग, अजून पाण्यात नेऊ नकोस. आधी आपण हे घड्याळ तपासू."

का, ते समजण्यासाठी पाण्याच्या दाबापासून सुरुवात केली पाहिजे.

पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ एक किलोग्रॅमचा भार. घड्याळाच्या काचेचा व्यास ३ सेंटिमीटर धरला, तर तिचे क्षेत्रफळ ७ चौरस सेंटिमीटर भरते. बारा मीटर खोल पाण्यात या काचेवर साडेआठ किलोचा भार येईल, म्हणजे पाण्याने भरलेली एक कळशी. दोनशे मीटरवर तोच भार १४० किलो होईल. दोन धट्टीकट्टी माणसे त्या इवल्या काचेवर उभी राहिल्यासारखे! जाड काच आणि पोलाद हा भार सोसू शकतात. पण पाणी काच फोडायला बसलेले नसते. ते फट शोधत असते.

हातघड्याळाला अशा तीन फटी असतात. एक काचेच्या कडेला, दुसरी पाठीच्या झाकणाखाली आणि तिसरी चावीच्या दांड्यापाशी. पहिल्या दोन ठिकाणी काही हलत नाही. तेथे मधे कडी घालून दोन भाग घट्ट आवळले की झाले. तिसरी फट मात्र वाईट. चावीचा दांडा फिरतो, बाहेर ओढला जातो, पुन्हा आत ढकलला जातो. जी वस्तू हलती राहिली पाहिजे तिच्याभोवतीच पाणी अडवायचे, ही घड्याळ बनवणाऱ्यांची जुनी डोकेदुखी आहे. (आपल्या पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी थेंब थेंब गळते, त्याचे कारणही हेच.)

१९२६ साली रोलेक्स कंपनीने 'ऑयस्टर' नावाचे घड्याळ काढले. त्याची चावी बाटलीच्या झाकणासारखी आट्यांवर घट्ट बसवता येई. पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्स ही इंग्रज तरुणी इंग्लिश खाडी पोहायला उतरली तेव्हा ते घड्याळ तिच्या गळ्यात होते. दहा तासांहून अधिक वेळ गारठलेल्या पाण्यात राहून घड्याळ चालूच राहिले. त्याची जाहिरात मोठ्या थाटात झाली. त्या खेपेस बाईंना मात्र थंडीमुळे किनारा गाठण्याआधीच पाण्याबाहेर काढावे लागले होते!

तरी एक अडचण उरलीच. रोज सकाळी चावी द्यायची म्हणजे रोज आटे उघडायचे आणि पुन्हा बंद करायचे. वर्षाला ३६५ वेळा. आटे झिजणार, आतली कडी झिजणार. मग चावीच नको असे घड्याळ करता येईल काय?

हा विचार जॉन हारवूड या इंग्रज घड्याळजीने केला. दुरुस्तीला येणाऱ्या घड्याळांत धूळ आणि ओल चावीच्या वाटेने शिरते हे तो रोज पाहत होता. त्याने आपोआप चावी बसणारे हातघड्याळ तयार केले आणि १९२४ साली त्याला स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळाले. त्याच्या घड्याळाला बाहेर चावी नव्हतीच; काटे लावायचे असले तर काचेभोवतीचे कडे फिरवायचे. ऑटोमॅटिक घड्याळ आळशी माणसांसाठी निघाले असा पुष्कळांचा समज असतो. हारवूडला मात्र धुळीची आणि ओलीची वाट बंद करायची होती.

आपल्या विद्यार्थ्याच्या घड्याळाचे झाकण पुढे पुण्यात उघडले गेले, तेव्हा ही रचना आम्हांला डोळ्यांनी पाहायला मिळाली. मशीनच्या पाठीवर अर्धचंद्राच्या आकाराचे एक जड वजन मध्यावर मोकळे बसवलेले असते. हात हलला की गुरुत्वाकर्षणाने जड बाजू खाली येऊ पाहते आणि वजन फिरते. ते दात्यांच्या चक्रांमार्फत कमान गुंडाळते. कमान म्हणजे डबीत गुंडाळून ठेवलेली पोलादी पट्टी. तिच्यात साठलेली ऊर्जा घड्याळाला सुमारे दीड दिवस पुरते. मग दिवसभर हात हलवणाऱ्या माणसाची कमान तुटत का नाही? कारण तिचे बाहेरचे टोक डबीला पक्के बांधलेले नसते. कमान पुरती भरली की ते टोक डबीच्या भिंतीवरून घसरते. भरलेल्या हौदाला जसा सांडवा, तसा हा कमानीचा सांडवा.

बाकीचे मशीन साध्या चावीच्या घड्याळासारखेच असते. केसासारख्या बारीक स्प्रिंगला बांधलेले तोलचक्र इकडून तिकडे झुलते. जुन्या घड्याळांत बहुधा सेकंदाला पाच झोके. एका दिवसात ते ४,३२,००० होतात. असे घड्याळ दिवसाला वीस सेकंद चुकले तर आपण नाक मुरडतो. पण दिवसाचे सेकंद असतात ८६,४००. चूक निघाली हजारात पाव भागाहूनही कमी. एवढ्या कमी चुकीत मोजमाप करणारी किती साधने आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहेत, ते एकदा मोजून पाहा.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाठीवर हवेच्या टाक्या बांधून पाण्यात उतरण्याची विद्या पसरली आणि पाणबुड्याचे घड्याळ ही खरी गरज झाली. टाकीतली हवा किती वेळ पुरेल हे ठरलेले असते. तो वेळ चुकला तर जीव जातो. १९५३ साली ब्लांपां कंपनीने फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्यांच्या सल्ल्याने एक घड्याळ बनवले. त्याचे नाव 'फिफ्टी फॅदम्स'. फॅदम म्हणजे सहा फूट, पसरलेल्या दोन्ही हातांएवढे अंतर. कोकणातले कोळी त्याला वाव म्हणतात. आपल्याकडे विहिरीची खोली परसांत मोजत, हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढा एक परस. समुद्र असो की विहीर, पाणी मोजायला माणसाने प्रथम आपलेच अंग वापरलेले दिसते. तर हे घड्याळ पन्नास वावांचे, म्हणजे सुमारे ९१ मीटरांचे.

त्या घड्याळाच्या काचेभोवती फिरणारे कडे असे. बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग पाण्यात किती मिनिटे झाली हे थेट वाचता येते. पुढे अशी कडी एकाच दिशेने फिरणारी करण्यात आली, आणि त्यात मोठे शहाणपण आहे. धक्का लागून कडे सरकलेच, तर पाण्यात गेलेला वेळ आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, कमी कधीच दिसत नाही. पाणबुड्या चुकला तरी लवकर वर येण्याच्या बाजूने चुकेल. यंत्र बिघडले तरी माणूस वाचेल अशा तऱ्हेने बिघडावे, हा विचार मला त्या घड्याळाच्या साऱ्या पोलादापेक्षा मोलाचा वाटतो.

आता डायलवरच्या नावाकडे वळू. परदेशी माल आणि परदेशी माणसे जुन्नरला नवी नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटाने माल वर येत असे, आणि इथल्या लेण्यांतल्या शिलालेखांत यवन दात्यांची नावे आजही वाचता येतात. स्विस घड्याळे मात्र आपल्याकडे आली ती मुंबई बंदरातून. १७३७ साली स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावी आब्राहम फाव्र नावाच्या घड्याळजीची नोंद सापडते. पुढे १८१५ मध्ये या घराण्याची लबा नावाच्या व्यापाऱ्याशी भागीदारी झाली आणि फाव्र-लबा हे जोडनाव तयार झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८६५ च्या सुमारास, कंपनीने हिंदुस्थानाशी व्यापार सुरू केला आणि मुंबईत बस्तान बसवले. आपल्या लोकांनी फ्रेंच उच्चार बाजूला ठेवून तिचे 'फेव्हर-ल्यूबा' करून टाकले. पुढची शंभर वर्षे हे नाव इकडे इतके रुजले, की लग्नात जावयाला फेव्हर-ल्यूबा दिले म्हणजे सासऱ्याने हात आखडला नाही असे समजत. 'सी चीफ', 'सी किंग' ही तिची घड्याळे आजही आजोबांच्या पेटीत सापडतात.

नावात 'सी' म्हणजे समुद्र आला म्हणून ती समुद्रात न्यायची घड्याळे होती असे नव्हे. पण या कंपनीने खरोखर पाण्याचा आणि हवेचा अभ्यास केला होता. १९६२ साली तिने 'बिव्हुआक' नावाचे घड्याळ काढले. त्यात हवेचा दाब मोजणारी निर्द्रव वायुदाबमापकाची डबी बसवली होती. डोंगर चढू लागले की दाब कमी होतो, डबी फुगते आणि काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. शिवनेरीच्या पायथ्याशी एक आकडा आणि माथ्यावर दुसरा, असा प्रयोग त्या घड्याळावर सहज करता आला असता! त्याच दशकात पुढे 'बॅथी' हे घड्याळ निघाले. त्याने उलटे काम केले. पाण्याचा दाब एका लवचिक पडद्यावर पडे आणि त्यावरून काटा खोली दाखवी, पन्नास मीटरपर्यंत. ज्या कारागिरांनी एरवी पाण्याला बाहेर ठेवण्यासाठी जिवाचे रान केले, त्यांनी येथे पाण्याला ओसरीपर्यंत येऊ दिले आणि माजघराचे दार मात्र लावून घेतले. माझ्या मते या घराण्याची खरी पुण्याई या दोन घड्याळांत आहे; जावयाच्या सोनेरी घड्याळात नाही.

पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेक स्विस घड्याळांची सारखीच आहे. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे हातघड्याळ विक्रीला आणले. काही वर्षांत ती घड्याळे स्वस्त झाली आणि कमानीची घड्याळे बनवणारे कित्येक कारखाने बसले. १९८५ च्या सुमारास फाव्र घराण्याच्या हातून कंपनी गेली. नाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. २०११ साली ते आपल्या टाटांच्या टायटनने विकत घेतले, पुढे तेथूनही हलले आणि २०२४ साली त्याच नावाची नवी घड्याळे पुन्हा बाजारात आली. इकडे भारतात १९६१ पासून एचएमटीची घड्याळे निघू लागली होती. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने होती, त्यामुळे घरात असलेले स्विस घड्याळ लोक पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरीत. २०१६ पर्यंत एचएमटीच्या घड्याळांचे उत्पादनही थांबले. जुन्या बाजारात आज मांडलेली घड्याळे ही अशी साठ-साठ वर्षे हातोहात फिरलेली असतात. एखाद्याची केस एका घड्याळाची, मशीन दुसऱ्याचे आणि काटे तिसऱ्याचे असतात. डायल उडाले असेल तर ते पुन्हा रंगवून त्यावर नाव छापतात.

म्हणून आम्ही वर्गात प्रथम भिंग घेऊन डायल पाहिले. खऱ्या छापील अक्षरांची कड सुबक असते. इथे 'ऑटोमॅटिक'मधली दोन अक्षरे एकमेकांना चिकटली होती आणि सहाच्या आकड्याखालची 'स्विस मेड' ही बारीक ओळ एका बाजूला झुकली होती. डायल पुन्हा रंगवलेले असावे, असा निष्कर्ष मुलांनीच काढला. मग एका मुलीने विचारले, "डायल बदललं असेल, तर पाठीवरचं झाकण याच घड्याळाचं आहे कशावरून?" प्रश्न बिनतोड होता. दोनशे मीटर हे शब्द त्या झाकणावर होते, आणि झाकण म्हणजे सारे घड्याळ नव्हे.

काट्यांवर पिवळट रंगाचे ठिपके होते. ते अंधारात चमकत नव्हते. एका मुलाने ते पिनने खरवडून पाहण्याची तयारी केली, तेव्हा मात्र मी घड्याळ काढून घेतले. तुमच्या घरीही असे जुने घड्याळ असेल, म्हणून हे नीट वाचा. सुमारे १९६० पर्यंतच्या अनेक घड्याळांत चमकणाऱ्या रंगात रेडियम मिसळलेले असे. रेडियमचे किरण जस्ताच्या संयुगावर पडत आणि ते संयुग उजळे. काही वर्षांनी संयुग निकामी होते आणि रंग चमकायचा थांबतो. रेडियम मात्र तेथेच असते. त्याचा अर्धायुकाल १६०० वर्षांचा आहे. साठ वर्षांत ते शंभरात जेमतेम अडीच भाग कमी होते. म्हणजे चमक गेली, धोका राहिला. काच बंद असेपर्यंत भीती फारशी नाही. खरवडलेली भुकटी श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाणे वाईट. पुढच्या घड्याळांत ट्रिशियम वापरू लागले, ज्याचा अर्धायुकाल सुमारे सव्वाबारा वर्षांचा आहे. पन्नास वर्षांत त्याचा सोळावा हिस्सा उरेल. कोणत्या घड्याळात काय आहे हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही, म्हणून जुन्या डायलला हात लावायचा नाही, एवढे पक्के ठेवा.

नंतर केला तो प्रयोग तुम्हीही करू शकता. स्टीलच्या ताटलीखाली कोमट पाणी ठेवून घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत गरम होऊ दिले. मग काचेच्या मध्यावर थंड पाण्याचा एक थेंब सोडला आणि मिनिटभराने टिपून घेतला. थेंबाखाली, काचेच्या आतल्या बाजूला, पांढरे धुके जमलेले स्पष्ट दिसले. पावसाळ्यात एसटीच्या खिडकीवर जमते तसे. आत ओल असल्याशिवाय हे होत नाही. विहिरीत न उतरताच घड्याळाने पाणी प्यायलेले होते.

यात ते बनवणाऱ्या कंपनीचा दोष आहे काय? नाही. घरातला कुकर आठवा. कुकर वीस वर्षे टिकतो, पण त्याची रबरी रिंग दर वर्षा-दोन वर्षांनी सैल पडते आणि बदलावी लागते. घड्याळात पाणी अडवणारी कडीही बहुधा रबराचीच असते. रबराचा गुण स्थितिस्थापकतेत आहे. दाबले की ते उलट दाबते आणि फट भरून काढते. प्राणवायू, उष्णता, घाम यांच्यामुळे वर्षानुवर्षांत त्याच्या लांबलचक रेणूंची रचना बदलते. ते कडक होते, त्याला चिरा पडतात, नाहीतर दाबलेल्या आकारातच ते कायमचे बसते. मग ते नुसते जागा अडवते, दाबत नाही. दोनशे मीटर हा आकडा घड्याळ कारखान्यातून निघाले त्या दिवशीच्या रबराविषयी होता. पोलादावर कोरलेला आकडा तसाच राहिला आणि रबर म्हातारे झाले.

घड्याळ पुण्याच्या एका घड्याळजीकडे नेले. मी आणि ते दोघे भाऊ गेलो होतो. त्यांनी जी तपासणी केली ती पाहून मला बॉइलचा नियम नव्याने शिकवावासा वाटला. जाड काचेच्या नळकांड्यात निम्मे पाणी, वर हवा. घड्याळ प्रथम हवेत टांगले आणि पंपाने हवेचा दाब वाढवून काही मिनिटे थांबले. कोठे फट असेल तर दाबलेली हवा हळूहळू घड्याळात शिरणार. मग घड्याळ पाण्यात बुडवले आणि दाब कमी केला. आत शिरलेली हवा आता प्रसरण पावून बाहेर पडू पाहते, आणि जेथून ती पडते तेथे बुडबुडे दिसतात. पाणी आत जाऊच द्यायचे नाही आणि फट मात्र नेमकी सापडवायची, अशी ही युक्ती. आमच्या घड्याळाच्या चावीपासून मोत्यांच्या सरासारखे बुडबुडे निघाले.

"पण दोनशे मीटरचं बारा मीटरला इतकं कसं गळतं?" थोरल्या भावाने विचारले. येथे पाण्याची एक गंमत आहे. पाणी जितक्या जोराने दाबते तितकी कडी आपल्या खाचेत अधिक घट्ट बसते आणि झाकणही अधिक आवळले जाते. म्हणून म्हातारी कडी कधी कधी जास्त दाबाला टिकते आणि उथळ पाण्यात गळते. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी जी आंतरराष्ट्रीय कसोटी आहे तिच्यात याचा विचार केलेला आहे. लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब दोन तास देऊन झाला, की दाब एकदम उतरवून तास-भर फक्त तीन मीटर पाण्याएवढा ठेवतात. मोठ्या परीक्षेत पास झालेल्याला पुन्हा बिगरीच्या परीक्षेला बसवावे, तसे हे वाटेल. पण काही घड्याळे तेथेच नापास होतात.

विहिरीचा आणखी एक त्रास आहे. वैशाखात काठावर उन्हात बसलेल्या माणसाचे पोलादी घड्याळ सहज ५० अंशांपर्यंत तापते. विहिरीचे पाणी २५ अंशांचे. निरपेक्ष तापमानात सांगायचे तर ३२३ वरून २९८. आतल्या हवेचा दाब जवळजवळ आठ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे ८० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा. अंगाला थंडावा मिळतो त्याच क्षणी घड्याळ आतून पाणी शोषून घेऊ पाहते. ज्याची कडी कडक झाली आहे त्याला हा पहिला घोटच महाग पडतो.

घड्याळजींनी मशीन उघडून वाळवले, तेल बदलले, दोन्ही रबरी कड्या नव्या घातल्या. पुन्हा तपासले तेव्हा बुडबुडे आले नाहीत. भावाचा चेहरा उजळला. तेव्हा त्यांनी भिंग त्याच्या हातात दिले आणि झाकणाखालची खाच दाखवली. तेथे गंजाने बारीक खड्डे पाडले होते. चावीचा दांडा ज्या नळीत फिरतो ती नळीही एका बाजूने झिजली होती. ते म्हणाले, "रिंग नवी आहे, तिची बैठक जुनी आहे. हात धुवा, पावसात फिरा. बुडीची हमी मी देणार नाही. आज टिकेल, सहा महिन्यांनी टिकेल की नाही ते पुन्हा तपासल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही."

परतीच्या वाटेवर भाऊ राजगुरुनगर येईपर्यंत काही बोलला नाही. साडेसहा हजार रुपये म्हणजे त्याच्या कित्येक बुड्या. शेवटी म्हणाला, "खाली गेल्यावर हे बंद पडलं असतं, तर मला वाटलं असतं अजून वेळ आहे." त्याच्या बोलण्यात सारे आले. नुसते घड्याळ बुडाले असते तर पैशांचे नुकसान. थांबलेल्या काट्यावर विश्वास ठेवणारा माणूस खाली असला म्हणजे गोष्ट वेगळी होते. आता तो पूर्वीसारखाच दोर बांधून उतरतो, काठावरचा सोबती सेकंद मोजतो आणि ठरलेला वेळ झाला की दोराला दोन हिसके देतो.

घड्याळ धाकट्याकडे आले. रोज सकाळी सात वाजता मोबाइलमधल्या वेळेशी ते ताडून पाहायचे आणि फरक वहीत लिहायचा, असे त्याने ठरवले. रात्री टेबलावर उताणे ठेवले तर एक फरक येतो, चावी खाली करून उभे ठेवले तर दुसरा, हे त्याला आठवड्याभरात आपणच सापडले. तोलचक्राचा गुरुत्वमध्य बरोबर आसावर नसला की असे होते. २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, नारायणगावजवळच्या खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात दरवर्षी प्रदर्शन भरते. तेथे त्याने आपली वही मांडली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या कित्येक किलोमीटर पसरलेल्या; त्या सर्वांचे संदेश एकत्र जुळवायचे आणि दूरच्या स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजायचे, तर तेथे अणुघड्याळांवाचून चालत नाही. अशा ठिकाणी दिवसाला अनेक सेकंद चुकणारे घड्याळ घेऊन बसायला तो आधी लाजत होता. पण त्याच्या टेबलापाशी गर्दी हटेना, कारण दोनशे मीटरच्या घड्याळात एका थेंबाने धुके कसे दिसते हे प्रत्येकाला पाहायचे होते. नव्या रिंगमुळे ते आता दिसत नव्हते. म्हणून त्याने काढून ठेवलेली जुनी रबरी कडी कागदावर चिकटवली होती, आणि तिच्या शेजारी एक नवी कडी हाताने वाकवून पाहायला ठेवली होती.

त्या दिवशी सकाळची वहीतली नोंद अशी होती: रात्रभर उताणे ठेवले, कालपासून १९ सेकंद मागे.